विद्यापीठाचा पर्यटन विभाग यशस्वी झाला, हे ठरवायचं कसं? वाशीमच्या नकाशावरून समजून घ्या

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवी इथे बंजारा समाजाचा वारसा सांगणाऱ्या संग्रहालयाचं उद्घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झालं. नगाऱ्याच्या आकाराच्या या वास्तूचे फोटो आणि रील्स अनेकांनी पाहिले असतील. त्याआधी, ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला होता. ५ जून २०२५ ला ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग खुला झाला. हा मार्ग वाशीम जिल्ह्यातून जातो.

इमारत झाली, रस्ताही झाला. आता प्रश्न माणसांचा आहे. संग्रहालयात आलेल्यांना माहिती कोण सांगणार? महामार्गावरून सुसाट जाणारी गाडी कारंज्याला किंवा मालेगावला वळावी, यासाठी सहलीचा आराखडा कोण तयार करणार? यात्रेच्या गर्दीचं नियोजन कोण करणार?

अशी माणसं घडवणं हे विद्यापीठातल्या पर्यटन विभागाचं काम असतं. पण विभाग ते काम नीट करतोय की नाही, हे कशावरून ठरतं? प्रवेशाच्या आकड्यावरून, नॅकच्या श्रेणीवरून की आणखी कशावरून? त्यासाठी विभागाचं नियोजन कसं होतं आणि त्याच्या कामगिरीचं मोजमाप कसं होतं, हे आधी समजून घ्यावं लागेल.

पर्यटन विभागात नेमकं काय शिकवतात?

पर्यटन म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर हॉटेल मॅनेजमेंट येतं. दोन्ही क्षेत्रं जवळची असली तरी अभ्यास वेगळा आहे. हॉटेल मॅनेजमेंटमध्ये भर असतो तो स्वयंपाकघर, खोल्या आणि पाहुण्यांची सरबराई यांवर. पर्यटनाच्या अभ्यासक्रमात इतिहास, भूगोल, वारसा जतन, प्रवास आणि तिकिटांचा व्यवसाय, सहलीचं नियोजन, मार्केटिंग आणि पर्यटनाचे स्थानिक समाजावर होणारे परिणाम असे विषय येतात.

केंद्र सरकारने यासाठी १९८३ मध्ये भारतीय पर्यटन आणि प्रवास व्यवस्थापन संस्था सुरू केली. तिचं मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पर्यटन प्रशासन विभाग आहे. अजिंठा आणि वेरूळ ही दोन जागतिक वारसा स्थळं याच जिल्ह्यात असल्याने तिथे असा विभाग असणं साहजिक आहे.

वाशीममधली महाविद्यालयं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. १ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाचं कार्यक्षेत्र अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि वाशीम या पाच जिल्ह्यांचं आहे. मेळघाट, चिखलदरा, शेगाव आणि लोणार ही नावं घेतली तरी या पाच जिल्ह्यांत पर्यटनाला किती वाव आहे, ते कळतं. वाशीमचं नाव मात्र या यादीत सहसा कुणी घेत नाही.

वाशीमकडे दाखवण्यासारखं आहे तरी काय?

कोणतंही नियोजन 'आपल्याकडे काय आहे' या प्रश्नापासून सुरू होतं. वाशीमची यादी अनेकांना वाटते त्यापेक्षा मोठी आहे.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटक घराण्याच्या एका शाखेची ही राजधानी होती. याच शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं खोदवून घेतलं. तसा शिलालेख त्या लेण्यातच आहे. म्हणजे अजिंठ्याला जगभरातून पर्यटक येतात, पण ज्या राजसत्तेच्या काळात ती लेणी बहरली, तिची राजधानी पाहायला क्वचितच कुणी जातं. राजशेखराच्या 'काव्यमीमांसा' या संस्कृत ग्रंथातही विदर्भातल्या वत्सगुल्म नगराचा उल्लेख आहे.

कारंजा लाड हे श्री नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. दत्तभक्तांसाठी ते मोठं तीर्थक्षेत्र आहे. याच गावात जैन भट्टारकांची जुनी पीठं आणि हस्तलिखितांची भांडारं होती. विसाव्या शतकात हिरालाल जैन यांनी इथल्या हस्तलिखितांच्या आधारे अपभ्रंश भाषेतले ग्रंथ संपादित केले. त्या ग्रंथमालेला कारंज्याचंच नाव दिलं गेलं.

मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर आहे. श्वेतांबर आणि दिगंबर पंथांमधल्या वादामुळे १९८१ पासून बंद असलेलं हे मंदिर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये उघडलं.

मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचं समाधिस्थळ. देशभरातले बंजारा भाविक रामनवमीच्या यात्रेला इथे येतात. याशिवाय वाशीम शहरातलं बालाजी मंदिर आणि पद्मतीर्थ आहे, कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवरही इथून फार लांब नाही.

ही झाली यादी. यादीचं रूपांतर योजनेत करायचं, तर पुढचा टप्पा लागतो.

धोरणात्मक नियोजन म्हणजे नेमकं काय?

साध्या भाषेत सांगायचं तर तीन प्रश्नांची लेखी उत्तरं. आपण आज कुठे आहोत? पाच वर्षांनी कुठे असायला हवं? आणि तिथे पोहोचण्यासाठी काय करायचं, काय करायचं नाही?

यातला शेवटचा भाग सगळ्यात अवघड असतो. विद्यापीठाच्या विभागाकडे शिक्षक, निधी आणि वेळ या तिन्ही गोष्टी मोजक्याच असतात. त्यामुळे 'सर्वांगीण विकास' किंवा 'जागतिक दर्जा' असे शब्द वापरून योजना लिहिता येते, पण राबवता येत नाही. 'पुढची तीन वर्षं आम्ही वारसा आणि तीर्थक्षेत्र पर्यटनावर भर देऊ, विमान तिकिटांचा वेगळा अभ्यासक्रम सुरू करणार नाही,' असं लिहिलेली योजना आधीच्या योजनेपेक्षा जास्त उपयोगी असते. कारण त्यात निवड केलेली असते.

विद्यापीठ पातळीवर हे काम ऐच्छिक नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत् आराखडा तयार करावा लागतो. कोणत्या भागात कोणत्या विद्याशाखेचं महाविद्यालय हवं, कोणते अभ्यासक्रम हवेत, हे त्यात ठरतं. त्यावर आधारित वार्षिक आराखडाही असतो. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०२४ मध्ये उच्च शिक्षण संस्थांसाठी संस्थात्मक विकास आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली.

विभागाची योजना या मोठ्या आराखड्याच्या पोटात बसते. अभ्यासक्रम बदलायचा तर तो अभ्यास मंडळाकडून विद्या परिषदेकडे जातो. नवी पदं आणि पैसा हवा असेल तर व्यवस्थापन परिषद लागते. त्यामुळे विभागप्रमुखाने जूनमध्ये ठरवलं आणि जुलैत सुरू केलं, असं होत नाही. चांगल्या योजनेत हा वेळही धरलेला असतो.

मोजमाप कशाचं करायचं?

इथेच बहुतेक योजनांची गाडी अडते. कामगिरीचे आकडे साधारण चार पायऱ्यांवर असतात. पर्यटन विभागाचं उदाहरण घेऊन त्या पाहू.

- साधनं: किती शिक्षक, किती पुस्तकं, किती संगणक, किती निधी.
- कामं: किती तास झाले, किती अभ्याससहली निघाल्या, किती कार्यशाळा घेतल्या.
- हाती आलेलं फळ: किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, किती शोधनिबंध छापून आले.
- झालेला बदल: किती जणांना पर्यटन क्षेत्रात काम मिळालं आणि ते टिकलं, कोणत्या स्थळाची माहिती किंवा व्यवस्था सुधारली, स्थानिकांचं उत्पन्न वाढलं का.

पहिल्या दोन पायऱ्यांवरचे आकडे मोजायला सोपे असतात. हजेरीपट आणि बिलं पाहिली की ते मिळतात. म्हणून अहवालात तेच जास्त दिसतात. चौथ्या पायरीवरचा आकडा मिळवायला माजी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं फोन करावे लागतात, गावात जावं लागतं. पण विभाग ज्यासाठी सुरू केला, ते उत्तर याच पायरीवर असतं.

व्यवस्थापनशास्त्रात यावर बराच विचार झाला आहे. रॉबर्ट कॅप्लन आणि डेव्हिड नॉर्टन यांनी १९९२ मध्ये 'बॅलन्स्ड स्कोअरकार्ड' ही पद्धत मांडली. फक्त पैशाचे आकडे पाहून संस्था कळत नाही. ग्राहक, अंतर्गत कामकाज आणि शिकण्याची क्षमता यांचेही आकडे शेजारी ठेवा, असं तिचं सूत्र होतं. विद्यापीठातल्या विभागाला ते लावायचं तर 'ग्राहक' एकटा विद्यार्थी नसतो. त्याला नोकरी देणारा व्यावसायिक आणि ज्या गावात पर्यटक जाणार ते गाव, हेही त्यात येतात.

नॅक आणि एनआयआरएफ काय तपासतात?

नॅक ही १९९४ मध्ये स्थापन झालेली मूल्यांकन संस्था. तिच्या आतापर्यंतच्या पद्धतीत सात निकष होते. विद्यापीठांसाठी एकूण १००० गुण, त्यात संशोधन आणि विस्ताराला सर्वाधिक २५०, अध्यापन आणि मूल्यमापनाला २००, तर अभ्यासक्रमाला १५० गुण. पायाभूत सुविधा, विद्यार्थ्यांची प्रगती, प्रशासन आणि संस्थात्मक मूल्यं यांना प्रत्येकी १००. प्रशासनाच्या निकषात 'धोरण आखणी आणि अंमलबजावणी' हा स्वतंत्र भाग आहे. म्हणजे योजना आहे का, एवढंच न विचारता ती राबवली का, हेही विचारलं जातं.

यासाठी प्रत्येक संस्थेत अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष असतो. तो दरवर्षी वार्षिक गुणवत्ता अहवाल नॅकला पाठवतो. २०२४ मध्ये नॅकने श्रेणींऐवजी 'मान्यताप्राप्त' किंवा 'मान्यता नाही' अशा सरळ पद्धतीकडे जाण्याची घोषणा केली.

केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून जाहीर होते. अध्यापन आणि साधनं, संशोधन, पदवीनंतरची वाटचाल, सर्वसमावेशकता आणि लोकांमधली प्रतिमा हे तिचे पाच निकष आहेत. त्यात अभियांत्रिकी, व्यवस्थापन, विधी, औषधनिर्माण असे गट आहेत, पण पर्यटनाचा वेगळा गट नाही.

या दोन्ही पद्धतींच्या मर्यादा पर्यटन विभागाला विशेष जाणवतात. पहिली म्हणजे, गुण संपूर्ण विद्यापीठाला मिळतात. विभागाचं चांगलं किंवा वाईट काम त्या बेरजेत विरघळून जातं. दुसरी, एनआयआरएफच्या व्यवस्थापन गटात पदवीधरांचं मध्यक वेतन, म्हणजे पगारांच्या चढत्या यादीतला मधला आकडा, पाहिला जातो. या फूटपट्टीने मोजलं तर पुण्यातल्या ट्रॅव्हल कंपनीत लागलेला विद्यार्थी 'यशस्वी' दिसेल. कारंज्यात घरातल्या दोन खोल्या भाविकांसाठी तयार करून व्यवसाय सुरू करणारी विद्यार्थिनी पहिल्या वर्षी आकडा खाली ओढेल. जिल्ह्याला मात्र तिची जास्त गरज असते.

जागतिक पातळीवर केवळ पर्यटन शिक्षणासाठीची गुणवत्ता मान्यता आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेचं 'टेडक्वाल' प्रमाणपत्र संस्थेला न देता पर्यटनाच्या विशिष्ट अभ्यासक्रमाला दिलं जातं.

वाशीमला मोजमाप नवं नाही

जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने आकांक्षित जिल्हा कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रातून त्यात नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद (आता धाराशिव) आणि वाशीम हे चार जिल्हे निवडले गेले. या कार्यक्रमात जिल्ह्याची प्रगती ४९ निर्देशांकांवर तपासली जाते. आरोग्य आणि पोषणाला ३० टक्के, शिक्षणाला ३० टक्के, शेती आणि पाण्याला २० टक्के, आर्थिक समावेशन आणि कौशल्य विकासाला १० टक्के आणि पायाभूत सुविधांना १० टक्के असा भार आहे.

या पद्धतीतून कोणत्याही विभागाला शिकण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. पहिली, काम सुरू होण्याआधी आजची स्थिती नोंदवली गेली. दुसरी, जिल्ह्यांची क्रमवारी 'कोण पुढे आहे' यापेक्षा 'कोण किती पुढे सरकलं' यावर लावली गेली. आधीच मागे असलेल्या जिल्ह्यावर त्यामुळे अन्याय होत नाही. तिसरी, आकडे वर्षातून एकदा न पाहता दर महिन्याला पाहिले गेले, त्यामुळे चूक लवकर दिसते.

पण त्या ४९ निर्देशांकांमध्ये पर्यटनाचा एकही नाही. आरोग्य, शाळा आणि पाणी यांना अग्रक्रम देणं योग्यच आहे. मात्र जे मोजलं जात नाही, त्याची माहितीही साठत नाही. जिल्ह्यात येणाऱ्या माणसांपैकी किती जण मुक्काम करतात, किती खर्च करतात, कुठून येतात, ही नोंद ठेवण्याचं काम विद्यापीठाचा विभाग करू शकतो. विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य करायचंच असतं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आणि क्षेत्र प्रकल्प यांना क्रेडिटही मिळतात.

आकडे कुठे फसवतात?

एक साधं उदाहरण घेऊ. समजा, विभागात ४० जणांनी प्रवेश घेतला. २५ जणांनी शिक्षण पूर्ण केलं. त्यातल्या २० जणांना नोकरी लागली आणि त्या २० पैकी ८ जणांची नोकरी पर्यटन क्षेत्रातली आहे.

आता 'प्लेसमेंट' किती टक्के? शिक्षण पूर्ण केलेल्यांपैकी मोजलं तर ८० टक्के. प्रवेश घेतलेल्यांपैकी मोजलं तर ५० टक्के. पर्यटनातल्या नोकऱ्या धरून प्रवेशाशी तुलना केली तर २० टक्के. तिन्ही आकडे खरे आहेत, पण जाहिरातीत सहसा पहिलाच छापला जातो. म्हणून निर्देशांक ठरवताना 'कशापैकी किती' हे आधीच लिहून ठेवावं लागतं आणि दरवर्षी तेच वापरावं लागतं. १५ जण मधूनच का सोडून गेले, हा प्रश्नही तेव्हाच समोर येतो.

दुसरी फसगत गर्दीची. पोहरादेवीच्या यात्रेला लोटणारा जनसमुदाय पाहून 'इतके पर्यटक आले' असं म्हणणं सोपं आहे. पण यात्रेला आलेलं कुटुंब अनेकदा स्वतःची शिदोरी घेऊन येतं, दर्शन घेतं आणि परत जातं. श्रद्धेने आलेल्या माणसाकडे खर्चाचा आकडा म्हणून पाहणंही बरोबर नाही. पाणी, स्वच्छतागृह, सावली, वाहनतळ आणि हरवलेल्या मुलांचा शोध या त्याच्या गरजा आहेत. वर्षभर येणाऱ्या अभ्यासू पर्यटकाच्या गरजा वेगळ्या. दोन्हींसाठी वेगळे निर्देशांक हवेत.

तिसरी गोष्ट ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये मांडली. ती आज थोडक्यात अशी सांगितली जाते: एखादा आकडाच उद्दिष्ट बनला की तो चांगलं माप राहत नाही. 'वर्षाला दहा अभ्याससहली' असं उद्दिष्ट दिलं, तर दहा सहली निघतील आणि दहा फोटो अहवालात लागतील. विद्यार्थी तिथून काय शिकून आले, हे त्यातून कळणार नाही.

वाशीमसाठी योजना आखायची तर ती कशी दिसेल?

पर्यटन विभागाने वाशीम हे आपलं कार्यक्षेत्र मानलं, तर तीन वर्षांची योजना तीन उद्दिष्टांत मांडता येईल.

उद्दिष्ट पहिलं: स्थानिक मार्गदर्शक तयार करणं. पोहरादेवीच्या संग्रहालयात बंजारा संस्कृती समजावून सांगायला गोरबोली जाणणारा, तांड्यावरचं जगणं आतून माहीत असलेला तरुण किंवा तरुणी सर्वांत योग्य. निर्देशांक असे ठेवता येतील: जिल्ह्यातल्या किती विद्यार्थ्यांनी प्रशिक्षण पूर्ण केलं, त्यात मुली किती, तांड्यांवरून आलेले किती आणि प्रशिक्षणानंतर वर्षभराने त्यांच्यापैकी किती जण हे काम करत आहेत. शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा.

उद्दिष्ट दुसरं: विखुरलेली स्थळं एका धाग्यात ओवणं. लोणार, शिरपूर, वाशीम, पोहरादेवी आणि कारंजा असा दोन-तीन दिवसांचा मार्ग विद्यार्थी प्रत्यक्ष प्रवास करून तपासू शकतात. जेवण कुठे मिळतं, मुक्काम कुठे होतो, फलक आहेत का, शेवटची एसटी किती वाजता सुटते, स्वच्छतागृह कसं आहे, याची नोंद ठेवायची. इथे निर्देशांक नुसत्या माहितीपत्रकांच्या संख्येचा नको. नोंदवलेल्या अडचणींपैकी किती ग्रामपंचायतीने, देवस्थानाने किंवा प्रशासनाने सोडवल्या, हा हवा.

उद्दिष्ट तिसरं: विश्वासार्ह माहिती तयार करणं. वत्सगुल्म आणि अजिंठा यांचं नातं, कारंज्याच्या हस्तलिखितांची परंपरा, वाशीमच्या जुन्या तीर्थांची माहिती मराठीत, सोप्या भाषेत आणि पुराव्यानिशी लिहिणं. दंतकथा आणि इतिहास यांतला फरक स्पष्ट ठेवणं. शिरपूरसारख्या ठिकाणी दोन्ही पंथांच्या भावना आणि न्यायालयाचे आदेश लक्षात घेऊनच पर्यटकांना माहिती द्यावी लागते, हेही विद्यार्थ्यांना शिकावं लागेल.

वेळापत्रकही जमिनीवरचं हवं. रामनवमी मार्च-एप्रिलमध्ये येते आणि उन्हाळी परीक्षांची तयारीही त्याच सुमारास सुरू असते. यात्रेतलं क्षेत्रकार्य अभ्यासक्रमात आधीच बसवलं नाही, तर विद्यार्थी परीक्षेच्या चिंतेत आणि यात्रा त्यांच्याविना, असं होईल. दिवाळीच्या आधी सोयाबीन काढणीची घाई असते. शेतकरी घरातली मुलं त्या दिवसांत शेतात असतात. तेव्हा हजेरी घसरली तर तो विद्यार्थ्यांचा निष्काळजीपणा नसतो, नियोजनातली चूक असते.

आढावा कधी आणि कोणी घ्यायचा?

दर तीन महिन्यांनी विभागाची छोटी बैठक, दर सहा महिन्यांनी अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षासमोर मांडणी आणि वर्षातून एकदा बाहेरच्या लोकांसह आढावा, अशी साखळी व्यवहार्य ठरते. बाहेरचे लोक म्हणजे फक्त दुसऱ्या विद्यापीठातले प्राध्यापक नव्हेत. टूर व्यावसायिक, देवस्थानांचे प्रतिनिधी, सरपंच, वन विभागाचे अधिकारी आणि माजी विद्यार्थी यांनाही त्यात बसवायला हवं.

प्रत्येक निर्देशांकासमोर चार रकाने हवेत: सुरुवातीचा आकडा, उद्दिष्ट, आजचा आकडा आणि जबाबदार व्यक्ती. निर्देशांक आठ-दहापेक्षा जास्त असू नयेत. तीन-चार शिक्षकांच्या विभागाला पन्नास निर्देशांक दिले, तर शिकवायचा वेळ तक्ते भरण्यातच जाईल.

आढाव्यानंतर काही बदललं का, ही खरी कसोटी. आकडा सलग दोनदा खाली आला आणि तरीही योजना तशीच राहिली, तर तो आढावा फक्त कागदावर झाला, असं समजायला हरकत नाही.

विद्यार्थी आणि पालक काय तपासू शकतात?

महाराष्ट्र सरकारच्या २०२४ च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत १ लाख कोटी रुपयांची गुंतवणूक आणि सुमारे १८ लाख रोजगारांचं लक्ष्य ठेवलं आहे. अशा आकड्यांमुळे पर्यटनाच्या अभ्यासक्रमांच्या जाहिराती वाढणं स्वाभाविक आहे. प्रवेश घेण्याआधी काही गोष्टी पाहता येतात.

- वार्षिक गुणवत्ता अहवाल आणि विकास आराखडा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे का? त्यात या विभागाचा उल्लेख कसा आहे?
- पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती?
- मागच्या तीन तुकड्यांत प्रवेश किती झाले, पूर्ण किती जणांनी केलं आणि पर्यटन क्षेत्रात किती जण आहेत?
- प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण कुठे मिळतं? त्याचा खर्च कोण करतं आणि विद्यावेतन मिळतं का?
- माजी विद्यार्थ्यांशी थेट बोलता येईल का?

माहिती संकेतस्थळावर नसेल तर सार्वजनिक विद्यापीठाकडे माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार अर्ज करता येतो.

थोडक्यात

२०११ च्या जनगणनेनुसार वाशीमची लोकसंख्या ११ लाख ९७ हजार १६० होती. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातले तरुण शिकण्यासाठी आणि कामासाठी अमरावती, पुणे, मुंबईची वाट धरतात. पर्यटनामुळे ते सगळे थांबतील, असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण संग्रहालय, तीर्थक्षेत्रं, अभयारण्य आणि महामार्ग यांतून तयार होणारी कामं बाहेरून आलेल्यांच्या हाती जायची की इथल्या मुलामुलींच्या, हे मोठ्या प्रमाणात प्रशिक्षणावर ठरणार आहे.

म्हणूनच पर्यटन विभागाची योजना वाचताना एक आकडा आधी शोधावा: इथून शिकलेल्यांपैकी किती जण याच भागात, याच क्षेत्रात, स्वतःच्या पायावर उभे आहेत? तो अहवालात नसेल, तर बाकीचे आकडे कितीही मोठे असले तरी विभाग यशस्वी झाला, असं म्हणता येणार नाही.